उसनी चाल



माझं शिक्षण मराठी सातवी, त्यातून भाषणाची सवय नाही, तेव्हा चुकलं तर सांभाळून घ्यावं. गेल्या आषाढीला आपलं भजन ऐकून एका पाहुण्या बाईंनी "सगळ्या चाली सिनेमाच्या!" म्हणून नाक मुरडलं. पेटीवर मीच होते. फार लागलं मला ते, पण उत्तर सुचलं नाही.

परवा मुलाने फोनवर जपानच्या दोन बहिणींचं गाणं लावलं. एमी आणि युमी इतो, 1941 साली जन्मलेल्या जुळ्या. नाव घेतलं 'द पीनट्स', म्हणजे शेंगदाणे. हसू नका, एका शेंगेतल्या दोन दाण्यांसारख्याच दिसतात त्या! 1959 साली त्यांची पहिली तबकडी निघाली. चाल सिडने बेशे या अमेरिकन वादकाची. तो फ्रान्सला जाऊन राहिलेला. मूळ ती नुसती वाजवायची धून. ह्यांनी ती जपानी शब्दांत गायली. त्याच वर्षी बेथोव्हेनची पियानोवरची धूनही घेतली. पुढे अमेरिकेची, इटलीची गाजलेली गाणी जपानीतून गाऊन त्या घरोघरी पोचल्या.

भाषा मला ओ की ठो कळली नाही. पण एकीने चाल धरायची, दुसरीने तिच्या जरा खालून-वरून जायचं, आणि श्वास मात्र दोघींचा एकच. जपानी शब्द बहुधा स्वरावर संपतात म्हणे, इंग्रजीसारखे पटकन मिटत नाहीत. म्हणजे चाल आयती मिळाली तरी शब्द नव्याने बसवणं आलंच. विरजण शेजारणीकडचं असलं, तरी दूध आपल्यालाच तापवावं लागतं.

आता खरं सांगते. त्या बाई अगदीच चुकीचं बोलल्या नाहीत. चाल भरावी म्हणून आपण 'विठ्ठल' मधेच तोडला होता. 'विठ्' एका ओळीत, 'ठल' दुसऱ्या ओळीत! तो घोळ माझाच.

1963 साली त्या बहिणींसाठी मियागावा हिरोशी यांनी 'कोई नो बाकान्सु' हे नवं गाणं बांधलं, आणि ते रशियात जाऊन रशियन भाषेत गायलं गेलं. 1975 साली दोघींनी गाणं थांबवलं. एमी 2012 साली गेली, युमी 2016 साली.

तर तो अभंग आपण पुन्हा बसवणार आहोत. चाल तीच राहील, विठ्ठल मात्र अख्खा येईल. बुधवारी तीन वाजता माझ्याकडे या, वह्या आणा. चहा मी ठेवते.