पेटीची एकतीस वर्षं



समारंभ सुरू झाला तेव्हा ईशस्तवनाला पेटीची साथ होती. टाळ्या गाणाऱ्यांना मिळाल्या. पेटी वाजवणाऱ्याने भाता मिटून खटका लावला, पेटी उचलून विंगेत ठेवली आणि तो मुकाट्याने पदवी घेणाऱ्यांच्या रांगेत जाऊन बसला. पनवेलमध्ये अशी पेटी बऱ्याच ठिकाणी दिसते. नव्या पनवेलच्या गाण्याच्या क्लासात ती असते, आसपासच्या आगरी-कोळी गावांतल्या देवळात असते, आणि एखाद्या घरात कपाटावर जुन्या चादरीत गुंडाळलेलीही असते. आजचं भाषण तिच्याबद्दल आहे, कारण नकाराचा अनुभव तिच्याइतका दुसऱ्या वाद्याला क्वचितच आला असेल.

यंदाच्या स्नातकांमध्ये गाणारे-वाजवणारे थोडे नाहीत. त्यातल्या बहुतेकांना या तीन वर्षांत एकदा तरी ‘नाही’ ऐकावं लागलं असणार. कुणी युवा महोत्सवाच्या निवडीत मागे पडलं असेल, कुणी पहाटेची लोकल पकडून टीव्हीच्या ऑडिशनला गेलं असेल, दिवसभर रांगेत उभं राहून अर्धं मिनिट गायलं असेल आणि रात्रीच्या गाडीने पनवेलला परतलं असेल. सोमवारपासून यांच्यापैकी कुणी बँकेत, कुणी गोदामात, कुणी एखाद्या कंपनीच्या हिशेबात असेल. गाणं सुटतं ते बहुधा याच सोमवारी.

तर, पेटी. 1 मार्च 1940 पासून ऑल इंडिया रेडिओने हार्मोनियमला दार बंद केलं. नभोवाणीचे प्रमुख होते लायोनेल फिल्डन. दिल्ली केंद्रावर पाश्चात्त्य संगीताचं काम पाहणाऱ्या जॉन फोल्ड्स यांनी 1938 मध्येच पेटीची टर उडवणारा लेख लिहिला होता. रवींद्रनाथ टागोरांनीही पत्र लिहून बंदीच्या बाजूने कौल दिला.

आक्षेप खोटा नव्हता, हे आधी कबूल करायला हवं. पेटीचे बारा सूर कारखान्यातूनच ठरून येतात. गाणारा मींडेने सुरावरून सुरावर घसरत जातो, तिथे पेटीला पट्ट्यांवरून उड्या माराव्या लागतात. दरबारीतला आंदोलित, उतरलेला गंधार तिच्यावर शोधत बसलं तरी सापडत नाही. मुद्दा बरोबर होता, पण शिक्षा हद्दपारीची झाली. ती उठली 1971 मध्ये, आणि तीही मुख्यतः साथीपुरती.

या एकतीस वर्षांत महाराष्ट्रात पेटीचं काय झालं? ती वाजत राहिली. संगीत नाटकात ती आणि तिची थोरली बहीण पायपेटी आधीच रुळलेल्या होत्या. ‘मानापमान’ला चाली देणारे गोविंदराव टेंबे स्वतः नामांकित पेटीवादक होते. पु. ल. देशपांडे 1955 मध्ये पुण्याच्या आकाशवाणी केंद्रात नोकरीला लागले. पेटी हे त्यांचं जिव्हाळ्याचं वाद्य, आणि ज्या आकाशवाणीचा पगार ते घेत होते तिथेच तिला मज्जाव! त्याच साली त्याच केंद्रावरून ‘गीतरामायण’ सुरू झालं. पुढे सुधीर फडके त्याचे कार्यक्रम गावोगाव करू लागले, तेव्हा पेटी पुढ्यात घेऊन ते स्वतः वाजवत गात.

पण पेटी जगवली ती या मोठ्या नावांपेक्षा, ज्यांना रेडिओचा करार कधी मिळणारच नव्हता अशा माणसांनी. हरिनाम सप्ताहात पन्नास टाळ एकदम वाजू लागले की तंबोरा ऐकू येत नाही. पेटी ऐकू येते. बुवांनी अभंग उचलला की पेटीवाल्याने सूर धरायचा. तो नसला तर दुसऱ्या अभंगापर्यंत सगळे अर्धी पट्टी वर चढलेले असतात. कोकणच्या पावसाळ्यात लाकूड फुगतं, पट्टी अडकते आणि एखादा सूर कुणी हात न लावता एकटाच ओरडत राहतो. मग वादक झाकण काढतो, पट्टी वर ओढून धरतो आणि डाव्या हाताने भाता चालू ठेवतो. अभंग थांबत नाही. अशा वादकाचं ऑडिशन कुणी घेतलेलं नसतं. गुरुवारच्या भजनाला साडेआठपर्यंत तो आला नाही, तर मात्र दोघंतिघं त्याच्या घरी विचारायला जातात.

हौशी कलावंताला नकारानंतर काय टिकवतं, याचं उत्तर सहसा जिद्द, स्वप्न असल्या शब्दांत दिलं जातं. समारंभांत तर लतादीदींची गोष्ट हमखास सांगतात. 1942 मध्ये ‘किती हसाल’ या मराठी चित्रपटासाठी त्यांनी गायलेलं गाणं अंतिम चित्रपटात ठेवलंच नाही, पुढे एका निर्मात्याला त्यांचा आवाज फार बारीक वाटला, वगैरे. गोष्ट खरी आहे, पण ऐकणाऱ्याच्या कामाची नाही. तिच्यातून एवढंच कळतं की लता मंगेशकरांना नकार मिळूनही त्या लता मंगेशकर झाल्या. त्याच दारांवरून परत गेलेल्या बाकीच्यांनी दुसऱ्या दिवशी सकाळी काय केलं, ते ती सांगत नाही.

त्यापेक्षा वसंतराव देशपांड्यांकडे बघावं. नागपुरात लहानपणी शंकरराव सप्रे यांच्याकडे शिकलेला, 1935 च्या ‘कालिया मर्दन’मध्ये कृष्ण झालेला हा मुलगा मोठा झाला आणि लष्कराच्या हिशेब खात्यात कारकून म्हणून चिकटला. नोकरी जवळजवळ दोन तपं केली. बदली झाली तीही थेट नेफापर्यंत, म्हणजे आजच्या अरुणाचल प्रदेशात. दिवसा खतावण्या, रात्री मैफल. लाहोरला असद अली खाँसाहेबांकडून मारवा घेतलेला, सुरेशबाबू मान्यांकडून किराणा घराण्याचं काही उचललेलं, मास्टर दीनानाथांचा आवेश अंगात भिनलेला. त्यामुळे हा गायक कुठल्या घराण्याचा, हे शुद्धतावाद्यांना ठरवता येईना, आणि ठरत नाही म्हटल्यावर ते नाकं मुरडत. ‘कट्यार काळजात घुसली’ 1967 मध्ये रंगभूमीवर आलं तेव्हा वसंतराव 47 वर्षांचे होते. त्या नाटकातल्या खाँसाहेबांच्या भूमिकेसाठी लागणारं सगळं गाणं फायलींच्या त्या वर्षांत कुणी न मागता जमवलेलं होतं. हा संसार सोपा होता असं कुणी समजू नये. भाडं, मुलं, रजेचे अर्ज सगळं होतंच.

नकार देणारी संस्थाही काही अंतिम न्यायालय नसते. कलावंतांना ऑडिशन देऊन दर्जा मिळवायला लावणारे, आणि 1952 मध्ये आकाशवाणीवरून चित्रपटगीतं जवळजवळ हद्दपार करणारे माहिती व नभोवाणी मंत्री बाळकृष्ण केसकर मराठीच. शास्त्रीय संगीताचे जाणकार. श्रोत्यांनी काटा फिरवून रेडिओ सिलोन लावलं. पाच वर्षांनी, 3 ऑक्टोबर 1957 ला, आकाशवाणीला विविध भारती सुरू करावी लागली.

आणि नकार ऐकत राहिलेले हौशी वकील भातखंडे? वाळकेश्वरला 1860 मध्ये जन्मलेले विष्णु नारायण भातखंडे मुंबईच्या गायन उत्तेजक मंडळीत हौसेने शिकायला जात. खानदानी गवयांची तऱ्हा अशी की चीज बाहेरच्याला द्यायची नाही. भातखंडे आर्जवं करत, बिदागी देत आणि गावोगाव फिरत राहिले. त्यातून ‘क्रमिक पुस्तकमालिके’चे सहा भाग आणि सुमारे अठराशे चिजा आल्या, मूळ मराठीत. रंगमंचावरचा गवई म्हणून त्यांचं नाव कुणी घेत नाही, पण आजचा विद्यार्थी राग शिकताना थाटाचं नाव सांगतो ते त्यांच्यामुळे.

असे विद्यार्थी बघायला लांब जायला नको. पनवेलहून हार्बरच्या गाडीने वाशीला उतरलं की अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाचं मुख्यालय लागतं. मंडळाच्या प्रारंभिक परीक्षेला आठ वर्षांची मुलगी आणि निवृत्त पोस्टमास्तर शेजारी शेजारी बसू शकतात. वय कुणी विचारत नाही. नापास झालं तर पुढच्या सत्रात फॉर्म भरायचा. पोस्टमास्तरांना यातून करिअर करायचं नसतं. भूपाचा छोटा ख्याल तालात बसवायचा असतो, आणि तेवढ्यासाठी ते रोज सकाळी दूध येण्याआधी तबला-पेटीचं अ‍ॅप लावून बसतात. शेजारी कुरकुरतात, तेही एका परीने श्रोतेच.

कार्यक्रमपत्रिकेत आता पदवीदान आहे आणि शेवटी पसायदान. विंगेतली पेटी तेव्हा पुन्हा बाहेर येईल. काळी एकला लावलं तर मुलींना फार खाली जातं, काळी चारला लावलं तर मुलांना वरचा सूर पोचत नाही. काल तालमीत यावर बराच वाद झाला. शेवटी पांढरी तीन धरायची असं ठरलंय. वादक आठव्या रांगेत बसलाय. पदवी हातात पडली की त्याने जागेवर न जाता सरळ विंगेकडे वळावं, अशी संयोजकांची विनंती आहे.