प्रेचिस्तेंकावरील नृत्यशाळा
(ग्रंथालयाच्या शतकमहोत्सवानिमित्त दिलेले व्याख्यान)



मराठीच्या प्राध्यापकाने नृत्याविषयी बोलावे याचे आपल्यापैकी काहींना नवल वाटले असेल. मी नर्तक नव्हे. नृत्यशास्त्राचा अभ्यासकही नव्हे. परंतु आजचा विषय नृत्यापेक्षा शिकवण्याचा आहे, आणि तोही परमुलखात, परभाषिक मुलांना शिकवण्याचा. बडोद्यात राहून मराठी शिकवणाऱ्या माणसाला अशा विषयाची ओढ वाटावी, यात अस्वाभाविक असे काही नाही.

इझाडोरा डंकन हे नाव आपल्याकडे बहुधा दोनच गोष्टींसाठी घेतले जाते. एक म्हणजे तिचे अनवाणी नृत्य, आणि दुसरी म्हणजे १४ सप्टेंबर १९२७ रोजी नीस येथे गळ्यातील लांब उपरणे मोटारीच्या चाकात गुंतून झालेला तिचा भीषण मृत्यू. त्याच वर्षी तिचे ‘माय लाइफ’ हे आत्मचरित्र प्रसिद्ध झाले. ज्यांनी ते वाचले आहे त्यांना आठवत असेल की, १९२१ साली ती रशियाला जावयास निघते आणि तेथेच पुस्तक संपते. पुढील भाग लिहिण्याचा तिचा मानस होता; तो राहून गेला. म्हणजे वाचक ज्या पानावर पुस्तक मिटतो, त्याच पानापासून आजची हकीकत सुरू होते. ती जुळवायची तर तिची शिष्या इर्मा डंकन आणि मॅकडूगल यांनी मिळून लिहिलेल्या १९२९ च्या पुस्तकाकडे आणि शाळेचा कारभार पाहणाऱ्या इल्या श्नायडर यांच्या आठवणींकडे वळावे लागते.

मुलांची शाळा हा इझाडोराचा जुना ध्यास होता. सॅन फ्रान्सिस्कोत १८७७ साली जन्मलेल्या या बाईने १९०४ साली बर्लिनजवळ ग्रुनेवाल्ड येथे पहिली शाळा काढली. शिक्षण, निवास, जेवण सारे फुकट. पैसा तिच्या कार्यक्रमांच्या मिळकतीतून यावयाचा. अशी शाळा किती दिवस चालणार? ती मिटली. १९१३ च्या एप्रिलमध्ये तिची दोन्ही मुले पॅरिसमध्ये मोटारीसह सेन नदीत बुडून गेली. पुढील वर्षी पॅरिसजवळ बेलव्ह्यू येथे दुसरी शाळा उभी राहते न राहते तोच महायुद्ध पेटले आणि त्या वास्तूचे रुग्णालय झाले. एवढे झाल्यावर तिच्या ठायी जो विचार पक्का झाला तो असा की, शाळा चालवणे हे एका कलावंताच्या मिळकतीचे काम नव्हे, ते शासनाचे काम आहे. म्हणूनच सोव्हिएत सरकारचे निमंत्रण येताच तिने मागे वळून पाहिले नाही. शिक्षणखात्याचे प्रमुख लुनाचार्स्की कलांचे जाणकार होते. तिने मानधन मागितले नाही. मागितली ती शाळा, आणि एक हजार मुले.

१९२१ च्या जुलैमध्ये इर्माला बरोबर घेऊन ती मॉस्कोला उतरली. ते साल लक्षात घ्यावे. यादवी युद्ध जेमतेम आटोपले होते आणि व्होल्गाकाठी भयंकर दुष्काळ पडला होता. राजधानीत इंधनाची आणि अन्नाची टंचाई होती. अशा वेळी नृत्यशाळा ही चैन वाटली नसती तरच नवल. तरीही प्रेचिस्तेंका या रस्त्यावरील वीस क्रमांकाचा वाडा तिला मिळाला. बोल्शोय नाट्यगृहातील नर्तकी बलाशोवा हिचे ते घर. ती देश सोडून गेली होती. मॉस्कोतील कष्टकऱ्यांची शेदीडशे मुले आधी गोळा झाली, शिकवण सुरू झाली, आणि त्यांतून निवडलेल्या चाळीस मुलांची निवासी शाळा ३ डिसेंबर १९२१ रोजी रीतसर उघडली. मागितली एक हजार, मिळाली चाळीस. सरकारी आश्वासनांचा अनुभव आपणा कोणाला नाही?

आता मुख्य प्रश्न येतो. या मुलांना शिकवायचे कसे? इझाडोराला रशियन येत नव्हते आणि मुलांना दुसरी कोणतीच भाषा येत नव्हती. इर्मा मूळची जर्मन, हॅम्बुर्गकडची. ग्रुनेवाल्डच्या पहिल्या शाळेत ती बालवयात दाखल झाली होती. परक्या बाईच्या परक्या भाषेतून नृत्य शिकणे म्हणजे काय, याचा अनुभव तिने स्वतः विद्यार्थिनी म्हणून घेतलेला होता. रोजचा वर्ग बहुतांशी तिनेच सांभाळला, हे स्पष्ट सांगितले पाहिजे. चरित्रकारांचा सारा प्रकाश थोरल्या बाईंवर पडतो, आणि वर्गात उभे राहणाऱ्यांच्या वाट्याला पुष्कळदा तळटीपच येते.

या पद्धतीत बॅलेप्रमाणे कठड्याला धरून करावयाची कवायत नव्हती, टाचा उचलून बोटांवर उभे राहणे नव्हते. चालणे, धावणे, बागडणे, उडी मारणे, भुईवर निजणे आणि उठणे, हेच धडे. हालचालीचा उगम छातीखाली, पोटाच्या वरच्या भागात आहे असे ती मानी. हात तेथून निघून बाहेर उमलावेत, केवळ खांद्यापासून हलू नयेत. अंगावर सैल झगा, पाय उघडे, पायाखाली निळा गालिचा, आणि पियानोवर शूबर्ट किंवा शोपँ. वरवर पाहता येथे भाषेची गरज काय, असे वाटते. बाई चालून दाखवते, मूल तसे चालते.

पण शिकवणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे की, करून दाखवण्यास भाषा लागत नसली तरी चूक सांगण्यास लागते. मूल हात वर करते. तो बरोबर उंचीवर आहे, परंतु त्यात जीव नाही, हे कोणत्या खुणेने सांगणार? इझाडोरा तर उपमांतून बोलणारी; वारा, लाट, फूल, प्रार्थना असे तिचे शब्द. ते श्नायडर भाषांतर करून सांगत. भाषांतरात उपमेचे काय होते, हे या सभागृहात मी सांगावयास नको.

येथे आपल्या गावाची एक गोष्ट सहज आठवते. १८८० साली श्रीमंत सयाजीराव महाराजांचा विवाह तंजावरच्या लक्ष्मीबाईंशी, म्हणजे पहिल्या चिमणाबाईसाहेबांशी झाला आणि त्या निमित्ताने तंजावरच्या नर्तकी व त्यांचे साथीदार बडोद्यास आले. गौरा आणि कांतिमती ही त्यांतील नावे. तंजावरच्या भोसले राजांनी नृत्यासाठी मराठीतही रचना केल्या होत्या, हे खरे. पण या मंडळींच्या पदांची भाषा तमिळ आणि तेलुगू, आणि समोरचा दरबार मराठी-गुजराती. मृदंगाचे बोल कोणासही कळतात, कारण त्यांना अर्थच नसतो. पदातील विरहिणीची तक्रार मात्र शब्द कळल्याशिवाय पुरती पोहोचत नाही. शिवाय त्या काळी घरंदाज मुलींनी ही कला शिकावी अशी रीतच नव्हती. पुढे याच कांतिमतींचे पुत्र कुबेरनाथ तंजोरकर यांनी महाराजा सयाजीराव विद्यापीठात भरतनाट्यम शिकवले, तेव्हा इथल्या मुलामुलींसाठी ते दार खऱ्या अर्थाने उघडले. दरबारापासून वर्गापर्यंतचे हे अंतर काटण्यास दोन पिढ्या लागल्या. इझाडोराला मात्र सारे एका हिवाळ्यात व्हावयास हवे होते!

या घाईतूनच एक गोष्ट घडली, आणि मला ती फार महत्त्वाची वाटते. मॉस्कोत आल्यावर लवकरच ती मुलांच्या एका वसाहतीस भेट देण्यास गेली. पाहुणीच्या स्वागतासाठी मुलांनी आपले लोकनृत्य करून दाखवले. ते पाहून बाईंनी मुलांना जे सांगितले त्याचा मतितार्थ असा की, हे गुलामांचे नृत्य आहे. यातील हालचाली साऱ्या जमिनीकडे झुकतात. तुम्ही स्वतंत्र आहात, तुम्ही मान वर करून, बाहू पसरून नाचले पाहिजे. हेतू उदात्त होता याविषयी शंका नाही. पण त्या मुलांच्या जागी आपले मूल उभे करून पाहावे. आजीने शिकवलेला खेळ त्याने मोठ्या हौसेने पाहुण्यांपुढे करून दाखवावा आणि त्याला सांगण्यात यावे की, हे दास्याचे लक्षण आहे! क्रांतीच्या देशात जाऊन इझाडोरा मुलांना ग्रीक शिल्पांतील सौंदर्य देऊ पाहत होती. त्यांच्याकडून काही घ्यावयाचे असते, हे तिच्या अद्याप ध्यानी आलेले नव्हते.

बाकीचा इतिहास थोडक्यात सांगतो. ७ नोव्हेंबर १९२१ रोजी, क्रांतीच्या चौथ्या वर्षदिनी, तिने बोल्शोयमध्ये नृत्य केले, लेनिन उपस्थित होते, आणि शेवटी ‘इंटरनॅशनल’च्या सुरांवर इर्मा मुलांना रंगमंचावर घेऊन आली. परंतु नवे आर्थिक धोरण आल्यावर सरकारने हात आखडता घेतला आणि शाळेच्या खर्चासाठी बाईंना पुन्हा तिकिटांचे कार्यक्रम करणे भाग पडले. ज्या ओझ्यातून सुटण्यासाठी ती तेथे गेली, तेच ओझे पुन्हा शिरावर आले. १९२२ मध्ये तिने कवी येसेनिनशी विवाह केला. दोघांना समान अशी भाषा नव्हती. त्याविषयी पुरेसे, किंबहुना जरुरीपेक्षा अधिक, लिहिले गेले आहे. त्याच्यासह ती युरोप-अमेरिकेच्या दौऱ्यावर गेली व १९२३ मध्ये परतली. एवढा काळ शाळा टिकली ती इर्मामुळे आणि श्नायडरमुळे.

१९२४ चा उन्हाळा मात्र सविस्तर सांगण्याजोगा आहे. शारीरिक शिक्षणाचे पुढारी पोद्वोइस्की यांच्या उत्तेजनाने शहराबाहेरील टेकड्यांवरच्या क्रीडांगणावर कामगारांच्या शेकडो मुलांना नृत्य शिकवण्यात आले; आणि शिकवणारे कोण, तर प्रेचिस्तेंकावरच्या शाळेतली ती चाळीसांतलीच मुले. इझाडोरा त्या वेळी दूर प्रांतांत दौऱ्यावर होती. ती परतली तेव्हा तांबड्या झग्यांतली ही सारी बालसेना शाळेपुढे जमली आणि सज्जात उभ्या असलेल्या बाईंपुढे नाचली. एक हजाराच्या स्वप्नाच्या ती सर्वांत जवळ गेली ती या दिवशी, आणि तेही ती स्वतः हजर नसताना! मुलाने मुलाला शिकवताना भाषांतराची गरज पडत नाही.

त्याच काळात तिने रशियन गीतांवर नृत्ये बसवली. मुले स्वतः गात आणि नाचत. त्यांतले एक ‘दुबिनुश्का’ हे ओझे ओढणाऱ्या श्रमिकांचे गीत. हालचाल कोणती? दोर ओढण्याची. पाठ वाकते, पाय जमिनीत रुततात, सारा भार खाली येतो. तीन वर्षांपूर्वी ज्या जमिनीकडे झुकणाऱ्या हालचालींना तिने गुलामीच्या म्हटले होते, त्याच येथे सन्मानाने आल्या आहेत. तिने आपले मत बदलले असे कोठे लिहिलेले मला आढळले नाही. परंतु कलावंताचे मत त्याच्या कृतीतून वाचावे. आणि ही कृती मला तरी तिच्या भाषणांपेक्षा अधिक बोलकी वाटते. मुलांना तिने धावायला, उडायला शिकवले असेल. वाकलेल्या पाठीतही सौंदर्य असते हे मुलांच्या गाण्यांनी तिला शिकवले.

त्याच वर्षाच्या शरदात तिने मॉस्को सोडले. इर्मा राहिली. १९२८ च्या अखेरीस ती शिष्यांसह अमेरिकेत कार्यक्रम करण्यास गेली. १९३० मध्ये सोव्हिएत सरकारने मुलींना परत बोलावले, त्या परतल्या, आणि इर्मा तिकडेच थांबली. मॉस्कोतील संस्था डंकनच्या नावाने १९४९ पर्यंत चालू होती. इर्माने १९३७ साली या शिक्षणपद्धतीवर पुस्तक लिहिले. त्यात चालण्यापासूनचे सारे धडे क्रमवार दिले आहेत. ‘दुबिनुश्का’ही अमेरिकेतील डंकन-परंपरेच्या वर्गांत अजून शिकवतात. तेथील मुलींना रशियन येत नाही. दोर कसा ओढायचा, हे त्यांना कोणीतरी करून दाखवते.