‘हवे’, ‘वॉन्ट’ आणि ‘विश’



मराठी माध्यमातून शिकलेला विद्यार्थी मुलाखतीस जातो आणि ‘मला थोडा वेळ हवा’ हे मनातले वाक्य ‘आय वॉन्ट सम टाइम’ असे इंग्रजीत उतरवतो. व्याकरणाची चूक नाही. तरी समोरच्या कपाळावर आठी पडते. मुलगा उद्धट ठरतो आणि घरी पालक हळहळतात, ‘इंग्रजी माध्यमात घातले असते तर!’

दोष क्रियापदांच्या चालीचा आहे. ‘वॉन्ट’ हा शब्द स्कँडिनेव्हियातून इंग्रजीत आला; मूळ अर्थ उणीव असणे. आज तो थेट मागणी करतो आणि कर्तेपणा ‘मी’कडे देतो. काही मागताना ‘हवे’, ‘पाहिजे’ यांच्याबरोबर ‘मी’ येत नाही, ‘मला’ येते. ‘पाहिजे’ हे तर ‘पाहणे’चे जुने कर्मणी रूप, हिंदीतील ‘चाहिए’ही ‘चाहना’चे तसेच. मागणाऱ्याला मागे ठेवण्याची ही रीत इंग्रजीत जाताना गळून पडते. तेथे विनय ‘वुड लाइक’ने आणावा लागतो.

‘विश’ आणि ‘होप’ यांचा घोटाळा याहून मोठा. ‘आय विश यू विल पास’ असे लिहिले जाते, तेथे ‘होप’ हवे. घडू शकेल त्यासाठी ‘होप’. जे नाही त्याच्या हळहळीसाठी ‘विश’ आणि पुढे भूतकाळी रूप, ‘आय विश ही वेअर हिअर’. नामाबरोबर मात्र तेच ‘विश’ शुभेच्छा देते, ‘आय विश यू सक्सेस’. गंमत अशी, की ‘विश’ आणि पसायदानातील ‘वांछणे’ हे एकाच प्राचीन कुळातले.

हा भेद मराठीस परका आहे काय? ‘तो यावा’ आणि ‘तो आला असता तर!’ यांतले अंतर लहान मुलालाही कळते. पालकांची वरची हळहळ नेमक्या ‘विश’चीच आहे. इंग्रजीने वेगळी क्रियापदे योजली, मराठीने क्रियापदाची रूपे. टपाल कचेरीच्या खिडकीपाशी ‘जरा माहिती हवी होती’ म्हणणारा माणूस आत्ताची गरज भूतकाळात ढकलून नम्र होतो. ‘आय वॉन्टेड टु आस्क’ म्हणणारा इंग्रजी भाषकही तेच करतो.

‘वुड लाइक’ शिकवताना फळ्यावर आधी हे ‘हवी होती’ लिहिले, तर पाठ करण्याजोगे फारसे उरत नाही.