राजाबाईंचे चिरंजीव



दीक्षान्ताच्या व्यासपीठावरून तरुणांना चार उपदेशाच्या गोष्टी सांगाव्यात असा प्रघात आहे. परंतु उपदेशाचा साठा माझ्यापाशी फारसा नाही आणि जो आहे तो तुम्हांला घरीदारी पुरेसा मिळालेला असणार. तेव्हा ज्या मुंबई विद्यापीठाची पदवी तुम्ही आज घेत आहात त्याच्या ग्रंथालयाची आणि मनोऱ्याची वास्तू ज्याच्या द्रव्यातून उभी राहिली, त्या प्रेमचंद रायचंद नावाच्या व्यापाऱ्याचा जमाखर्च आज तुमच्यापुढे मांडावा असे मी योजिले आहे. सभागृह सर कावसजी जहांगीर यांच्या औदार्याचे. त्याच्या शेजारचा २८० फूट उंचीचा मनोरा मात्र शेअरबाजारातून आला आहे, आणि ही गोष्ट मनोऱ्याकडे पाहून कोणाच्या ध्यानात येण्याजोगी नाही.

प्रेमचंद रायचंद यांचा जन्म १८३१ साली सुरतेच्या एका साध्या जैन कुटुंबात झाला. एकेकाळी जिच्या बंदरात मोगल बादशहाची जहाजे नांगरत असत त्या सुरतेची कळा तोवर उतरली होती, आणि तेथील कर्त्या माणसांनी मुंबईची वाट धरली होती. वडील रायचंद दीपचंद हेही त्याच वाटेने आले. मुलाला इंग्रजी शिकवावे ही बुद्धी त्यांना झाली, आणि पुढे जे घडले त्याचे निम्मे श्रेय मी त्या बुद्धीला देतो. कारण रतनचंद लाला नावाच्या ज्या दलालाच्या हाताखाली प्रेमचंद उमेदवारीला लागले त्यांना इंग्रजी येत नव्हते, आणि फोर्टातल्या गोऱ्या पेढ्यांशी बोलणे, त्यांचे कागद वाचणे, त्यांच्या मनातले ओळखणे हे सारे काम विशीतल्या या पोरावर येऊन पडले. थोड्याच वर्षांत कापूस, सोनेचांदी, हुंड्या आणि शेअर या चारी बाजारांत त्यांच्या शब्दाला वजन आले. ते सौदे बहुधा स्मरणातच ठेवीत असे सांगतात. आजच्या लेखापरीक्षकाला घाम फुटावा अशीच ही पद्धत!

मग १८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटले. इंग्लंडच्या गिरण्यांना लागणाऱ्या कापसाचा सुमारे चारपंचमांश हिस्सा अमेरिकेच्या दक्षिणेकडून येत असे. उत्तरेच्या आरमाराने ती बंदरे रोखताच लँकेशायरने आपले तोंड मुंबईकडे वळविले, आणि खानदेश, वऱ्हाड, गुजरात येथल्या कपाशीला असे दर आले की लोकांनी गाद्याउशा उसवून आतला कापूस बाजारात नेला. मुंबईचा तारेने विलायतेशी अजून संबंध जुळला नव्हता. लिव्हरपूलचा भाव टपालाच्या आगबोटीबरोबरच यायचा. अशा वेळी प्रेमचंदांनी एक साधी युक्ती केली. आगबोट बंदरात शिरून नांगर टाकीपर्यंत इतर व्यापारी धक्क्यावर ताटकळत असत. प्रेमचंदांची माणसे मात्र वेगवान होड्यांतून खोल पाण्यात तिला गाठीत, आपले टपाल हस्तगत करीत आणि किनाऱ्याकडे परतत. त्या दोनचार घटकांच्या अवधीत भाव ठाऊक असलेला मनुष्य एकच असे, आणि तो खरेदी उरकून घेई. याला कोणी चातुर्य म्हणेल, कोणी लबाडी. मला वाटते, बाजारात या दोहोंमधली सीमा त्या होडीइतकीच हेलकावत असते.

त्या चारपाच वर्षांत मुंबईला नेहमीच्या किमतीहून सुमारे ८० कोटी रुपये जादा मिळाले असा अंदाज केला जातो. एवढ्या पैशाला शेती, गिरण्या, रस्ते यांत जिरायला सवड मिळाली नाही. तो कागदात जिरला. १८६५ च्या आरंभी या शहरात ३१ बँका होत्या, आणि त्यांच्या जोडीला समुद्र हटवून जमीन काढणाऱ्या कंपन्या. बॅकबे कंपनीचा पाच हजारांचा भाग पन्नास हजारांच्या घरात गेला. समुद्र होता तेथेच होता, चढली ती किंमत. या साऱ्या उलाढालीच्या मध्यभागी प्रेमचंद बसले होते. कोणत्या नव्या कंपनीचे भाग कोणाला द्यायचे हे त्यांच्या चिठ्ठीवर ठरे, आणि ती चिठ्ठी मिळावी म्हणून भायखळ्याच्या ‘प्रेमोद्यान’ बंगल्यावर गोरे अंमलदारही हेलपाटे घालीत.

याच भरतीच्या ऐन मध्यावर, २७ ऑगस्ट १८६४ रोजी, त्यांनी सरकारला पत्र लिहून विद्यापीठाच्या ग्रंथालयासाठी दोन लक्ष रुपये देऊ केले, आणि ऑक्टोबरात आणखी दोन लक्ष, मनोऱ्यासाठी. त्याला आपल्या मातुःश्रींचे, राजाबाईंचे, नाव द्यावे एवढीच इच्छा. त्या वेळी या विद्यापीठाचे वय सात वर्षांचे. रानडे, भांडारकर, वागळे आणि मोडक हे चार पहिले बी. ए. १८६२ साली बाहेर पडलेले. विद्यापीठाला स्वतःचे छप्पर नाही, परीक्षा टाउन हॉलमध्ये भरत. ज्या संस्थेची फळे अजून कोणी चाखली नव्हती तिला, एका दलालाने, आपली पदवी नसताना, एवढी रक्कम द्यावी यात कीर्तीची हाव अजिबात नसेल असे मी म्हणणार नाही. पण नुसती हाव असती तर मनोऱ्यावर स्वतःचेच नाव घालण्यास कोण आडवे येणार होते?

राजाबाईंविषयी आपल्याला जवळजवळ काहीच ठाऊक नाही. त्या दृष्टिहीन होत्या, सूर्यास्तापूर्वी भोजन आटोपण्याचा जैन नियम त्यांना पाळता यावा म्हणून मुलाने ठोके देणारे घड्याळ बांधले, अशी कथा सांगतात. कथा गोड आहे. तथापि ओव्हलच्या कडेचा ठोका भायखळ्यापर्यंत कसा पोहोचत असेल याचा विचार कथा सांगणारे करीत नाहीत. मला त्याहून मोठी गंमत दुसरीच वाटते: मनोरा १८७८ साली पुरा झाला, आणि स्त्रियांना परीक्षांचे दार विद्यापीठाने १८८३ साली उघडले, म्हणजे पाच वर्षे एका स्त्रीचे नाव या आवाराच्या माथ्यावर होते आणि आवारात विद्यार्थिनी म्हणून मात्र प्रत्येक स्त्रीला मज्जाव होता. आज पदवी घेणाऱ्यांत भगिनींची ही दाटी पाहून राजाबाईंना काय वाटले असते, ते तुम्हीच ठरवा.

आता खर्चाची बाजू. एप्रिल १८६५ मध्ये अमेरिकेतले युद्ध संपले, कापसाचा भाव कोसळला, आणि वायद्यांच्या चुकत्यांसाठी नेमलेला १ जुलै उजाडला तेव्हा घेणाराही देऊ शकेना, देणाराही घेऊ शकेना. बँक ऑफ बॉम्बेचा जो भाग २,८५० रुपयांना गेला होता तो ८७ रुपयांवर आला. १८४० साली स्थापन झालेली ती बँक, जिच्यात सरकारचेही भांडवल होते, प्रेमचंदांच्या शब्दावर आणि शेअरांच्या तारणावर पैसा वाटीत सुटली होती. अखेर तिचा गाशा गुंडाळावा लागला आणि १८६८ मध्ये सर चार्ल्स जॅक्सन यांच्या आयोगापुढे चौकशी झाली. १८६४ च्या खानेसुमारीत ८,१६,५६२ असलेली मुंबईची वस्ती १८७२ मध्ये ६,४४,४०५ भरली. या सगळ्याला एकटे प्रेमचंद जबाबदार नव्हते, हे खरे. परंतु ज्यांनी जन्माची पुंजी बुडविली त्या पेन्शनरांना, विधवांना आणि कारकुनांना या भेदाचा काय उपयोग?

स्वतः प्रेमचंदही बुडाले. मुंबई सोडून ते कोठे गेले नाहीत. त्याच गावात, त्याच बाजारात, पूर्वीच्या मानाने लहान प्रमाणावर, त्यांनी दलाली पुन्हा सुरू केली आणि १९०६ साली वारले. त्यांचे पुत्र कीकाभाई पुढे ‘सर’ झाले आणि घराण्याची पेढी चालत राहिली. कलकत्ता विद्यापीठाला प्रेमचंदांनी दिलेल्या दोन लक्षांतून निघालेली शिष्यवृत्ती आशुतोष मुखर्जी आणि जदुनाथ सरकार यांनी मिळविली. इकडे ग्रंथालयाची व मनोऱ्याची कोनशिला १८६९ मध्ये बसली. सर जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट यांनी इंग्लंडात बसून नकाशे काढले, आणि पश्चिम हिंदुस्थानातल्या जातीजमातींचे पुतळे रावबहादुर मुकुंद रामचंद्र यांनी घडविले. एकूण खर्च साडेपाच लक्षांच्या आसपास गेला.

म्हणजे पाहा, जे त्याने स्वतःजवळ ठेवले ते गेले, इतरांचे त्याच्या भरवशावर ठेवलेले गेले, आणि जे देऊन टाकले तेवढे उरले. येथे कोणी टाळी वाजवील, म्हणून मी घाईने सांगतो की देणगीने नुकसानीची फेड होते असे माझे मत नाही. दोन्ही रकमा एकाच वहीत, एकाच पानावर राहतात, आणि एकीने दुसरी खोडली जात नाही.

या माणसाचे खरे भांडवल कापूस नव्हते, सोनेही नव्हते. लोक त्याच्या शब्दावर रक्कम सोडीत, एवढेच होते. तुम्हांला आज मिळालेले पदवीपत्र हीही एक हुंडीच आहे: तिच्यावर सही विद्यापीठाची, आणि ती वटविणार आहेत ते तुम्हांला न ओळखणारे लोक, म्हणजे रुग्ण, अशील, विद्यार्थी, ठेवीदार. तुमच्यापैकी कित्येक जण बँकांत आणि पेढ्यांत जातील. जॅक्सन आयोगापुढची हकीकत आणि त्या काळावर सर दिनशा वाच्छा यांनी लिहिलेली पुस्तके त्यांनी नोकरीवर रुजू होण्यापूर्वी जरूर वाचावीत; कोणत्या संचालकाने कोणता कागद न वाचता सही केली हे त्या वाचनात बारकाईने पाहावे, आणि मग आपल्या टेबलावर पहिला कागद घ्यावा.