पेशींतील कोठावळा



शहाणी गृहिणी पंक्तीचे पाट मांडण्यापूर्वी कोठींत डोकावून पाहते. आपल्या देहांतील प्रत्येक पेशीलाही हाच विवेक करावा लागतो. अन्न पुरेसें असेल तर वाढावें, नसेल तर हात आंखडता घ्यावा. पण डोळे नसलेल्या पेशीला कोठीचा अंदाज येतो कसा?

पेशीच्या पोटांत लायसोसोम नांवाच्या इवल्याशा आम्लयुक्त पिशव्या असतात. बेल्जियमचे शास्त्रज्ञ ख्रिस्तियान द दूव्ह यांनीं १९५५ सालीं त्यांचा शोध जाहीर केला. जुनीं झालेलीं प्रथिनें तेथें पचून त्यांचीं अमिनो आम्लें होतात. म्हणून पुष्कळ वर्षें या पिशव्यांना पेशीचा उकिरडाच समजत.

वाढीचा हुकूम सोडणारा कारभारी निराळा. त्याचें नांव एमटॉर. मॉन्ट्रियल येथें सुरेन सेहगल व त्यांचे सहकारी यांनीं ईस्टर बेटाच्या मातींतील सूक्ष्मजंतूपासून रापामायसिन हें द्रव्य मिळविलें. त्या द्रव्यानें ज्याचें काम थांबतें, तोच हा कारभारी. नवल असें, कीं तो कामास लागतो तो लायसोसोमच्या भिंतीशीं येऊन!

त्याला तेथें बोलावतें कोण? २०१५ सालीं उत्तर मिळालें. लायसोसोमच्या भिंतींत एस्एल्सी३८ए९ नांवाचें एक प्रथिन रुतलेलें असतें. हाच आपला कोठावळा. आंत अर्जिनिन हें अमिनो आम्ल भरपूर असलें, कीं तें त्याला येऊन चिकटतें. मग तो बाहेरच्या अंगास असलेल्या रॅग नांवाच्या प्रथिनांना इशारा देतो, आणि तीं एमटॉरला भिंतीपाशीं धरून ठेवतात. शिवाय आंतलीं इतर अमिनो आम्लें बांधकामासाठीं बाहेर सोडण्याचें कामही तोच करतो. कोठी रिकामी असली, तर एमटॉर थंडावतो आणि पेशी स्वतःचेच जीर्ण भाग पचवून दिवस काढते.

हा हिशेब चुकला तर? ट्यूबरस स्क्लेरोसिस या जन्मजात व्याधींत एमटॉरचा लगाम सुटतो, आणि मेंदू, मूत्रपिंडें यांत गांठी वाढतात. रापामायसिनच्याच कुळांतील एव्हेरोलिमस हें औषध त्यांपैकीं कांहीं गांठी लहान करतें. असा लगाम कर्करोगाच्या अनेक प्रकारांतही ढिला पडलेला आढळतो.

तात्पर्य, केवळ अन्न मिळालें म्हणून पेशी वाढत नाहीं; अन्न आलें आहे ही खरी वार्ता योग्य ठिकाणीं पोहोंचावी लागते. आणि ती वार्ता देणारा, ज्याला आपण उकिरडा म्हणत होतों, त्याच्याच दाराशीं बसलेला आहे.