जुन्नरच्या डोंगरवाटा

पुणे जिल्ह्यातलं जुन्नर वसलंय कुकडी नदीच्या खोऱ्यात. इथल्या पायवाटांवर दोन हजार वर्षांचा इतिहास भेटतो.

सोपी सुरुवात शिवनेरी किल्ल्याची. सात दरवाजे ओलांडत गेलं, की १६३० साली शिवराय जन्मले ती जागा येते. समोरच लेण्याद्री. बौद्ध लेण्यांच्या त्या रांगेत सातव्या लेण्यात गिरिजात्मज गणपती आहे.

सर्वांत जुनी वाट नाणेघाटाची. कोकणातल्या वैशाखरे गावाजवळून ती दाट रानातून वर चढते. कल्याण-सोपाऱ्याचा माल याच घाटाने वर येई. माथ्यावरच्या गुहेत सातवाहन राणी नागनिकेचा ब्राह्मी लेख आहे. त्यात यज्ञांची दानं आकड्यांत नोंदवलेली आहेत. म्हणूनच अंकांच्या इतिहासात त्याला मोठं मोल आहे. शेजारचा जीवधन किल्ला मात्र सरावलेल्यांसाठी, कारण तिथल्या कातळपायऱ्या तुटलेल्या आहेत.

पावसाळ्यात कातळ निसरडा होतो. कड्यांवर आग्या मोहोळं असतात, त्यामुळे धूर आणि अत्तर टाळा. भाग बिबट्यांचा आहे, तेव्हा अंधारापूर्वी उतरा. गावातला माहीतगार सोबत घ्या, आणि लेण्यांच्या भिंतींवर एकही ओरखडा उमटू देऊ नका.