चढाओढ आणि गिऱ्हाईक

बाजारांत दुकानें अनेक असलीं म्हणजे चढाओढ आहेच, असा सर्वसाधारण समज असतो. परंतु विक्रेत्यांनीं आपसांत संगनमत करून एकच दर ठरविला, तर दहा दुकानें असूनहि गिऱ्हाइकाला वस्तुतः एकाच दुकानीं जावें लागतें. पाट्या निराळ्या, भाव मात्र एक!

भारतांत १९६९ च्या मक्तेदारी-नियंत्रण कायद्याचा मुख्य रोख उद्योगसमूहांच्या आकारावर होता. १९९१ नंतर बाजार खुला होत गेला. आणि नुसतें मोठेपण हा दोष नव्हे, मोठेपणाचा दुरुपयोग हा दोष होय, हें तत्त्व २००२ च्या स्पर्धा कायद्यानें स्वीकारलें. संगनमतानें दर ठरविणें, बाजार वांटून घेणें, निविदा भरतांना आंतून हातमिळवणी करणें, या गोष्टींना त्यानें प्रतिबंध केला. २००९ पासून स्पर्धा आयोग त्यांची चौकशी करूं लागला. असे करार गुपचूप होत असल्यामुळें, कटांतून फुटून प्रथम माहिती देणाऱ्यास दंडांत सवलत देण्याचीहि सोय कायद्यांत आहे.

तथापि हा दंड सरकारी तिजोरींत जातो. फसलेल्या गिऱ्हाइकाच्या हातीं तो पडत नाहीं. सदोष मालाबद्दल वा सेवेबद्दल त्याला व्यक्तिशः दाद मिळते ती १९८६ च्या, व आतां त्याच्या जागीं आलेल्या २०१९ च्या, ग्राहक संरक्षण कायद्यानें. तक्रार राहत्या ठिकाणच्या आयोगाकडे करतां येते. मात्र पावती मागण्याचा संकोच ज्यानें सोडला नाहीं, तो तेथें पुरावा कोठून आणणार?